परवानगीशिवाय बऱ्या झालेल्या जखमा

हुपरी आणि आसपासच्या सात गावांत गेल्या चार महिन्यांत तीनशे बारा जखमा परवानगीशिवाय बऱ्या झाल्या होत्या, आणि हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

निदान केतन सबनीसांचं तसं मत होतं. सबनीस म्हणजे 'रौप्यायू' या मलमाच्या कंपनीचे पश्चिम विभागप्रमुख. पुण्यातल्या आपल्या केबिनमध्ये त्यांनी नकाशा लावला होता आणि प्रत्येक बऱ्या झालेल्या जखमेला एक लाल ठिपका दिला होता. हुपरीला गोवर उठल्यासारखा दिसत होता.

"तिथे कुणीतरी आपल्याला न विचारता लोकांना बरं करतंय," सबनीस म्हणाले. "हे किती दिवस चालवून घ्यायचं?"

समोर बसलेल्या त्रिशला मगदूमने गंभीरपणे मान हलवली. ती कंपनीत रसायनतज्ज्ञ होती, वय एकोणतीस, आणि गंभीरपणे मान हलवण्यात तिचा हात धरणारं त्या मजल्यावर कुणी नव्हतं.

साल दोन हजार त्रेचाळीस. प्रतिजैविकं एकामागून एक निकामी होऊन आठ वर्षं झाली होती. जंतू ती औषधं आता चहाबरोबर खारी खावी तशी खात. साधं खरचटलं तरी घरात कुजबुज सुरू होई. न्हाव्याकडे दाढीला बसण्याआधी दोन साक्षीदारांच्या सह्या लागत. कबड्डी तोंडी खेळली जाई: चढाई करणारा रेषेवर उभा राहून आपण काय केलं असतं ते सांगे आणि पंच विचार करून निकाल देई. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारखेखाली 'आजवर खरचटल्याच्या वेळा' असा रकाना आला होता.

या सगळ्यात चाललं ते चांदीचं मलम. चांदी जंतूंना मारते हे माणसाला जुनं ठाऊक आहे. नवं होतं ते तिला बारीक करणं. एक ग्रॅम चांदीची गोळी केली तर ती मटारच्या दाण्याएवढी होते. त्याच चांदीचे मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाएवढे कण केले, तर सगळ्या कणांचा मिळून पृष्ठभाग पुण्यातल्या एका वन बीएचके फ्लॅटएवढा भरतो. त्या पृष्ठभागावरून चांदीचे विद्युतभारित अणू सुटतात, जंतूच्या आवरणाला भोकं पाडतात, आत शिरून त्याचा श्वास कोंडतात आणि त्याची पुनरुत्पादनाची यंत्रणाही बिघडवतात. एकाच वेळी तीन बाजूंनी मार बसला की जंतूला कुठला मार चुकवायचा हे शिकायला सवडच मिळत नाही.

हे कण झाडपाल्याच्या रसात करता येतात. चांदी तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, विरघळली की तिचा प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन हरवून पाण्यात भटकू लागतो. पानांच्या रसातली काही द्रव्यं त्याला तो इलेक्ट्रॉन देऊ करतात. हरवलेलं परत मिळालं की अणू पुन्हा चांदी होतो आणि दुसऱ्या चांदीला जाऊन चिकटतो, मग तिसऱ्या, मग हजाराव्या. ही गर्दी वेळेवर थांबवणं ही त्यातली सगळी विद्या. रौप्यायूला ती अर्धीच जमली होती. त्यांचे कण लहानमोठे निघत, महिन्याभरात गोळा होऊन तळाशी बसत, म्हणून मलम सतत थंड ठेवावं लागे, म्हणून ते कमी पडे, आणि कमी पडे म्हणून ते 'जखममित्र' नावाच्या यंत्रात कुलूपबंद असे. प्रत्येक सरकारी दवाखान्यात एक जखममित्र. त्याच्यासमोर जखम धरायची. ते बघून, चौदा प्रश्न विचारून, जखम पात्र आहे की नाही ते सांगे.

सबनीसांनी टेबलावर एक हळदीकुंकवाचा करंडा ठेवला. कुंकवाच्या वाटीत तपकिरी मलम होतं. "तिथल्या एका माणसाकडून मिळवलंय. तपासलंय. बारा नॅनोमीटर. सगळे कण एकसारखे. आणि हा करंडा दोन महिने एका ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये होता."

त्रिशलाने मान हलवणं थांबवलं. गेली चार वर्षं ती ज्याच्या मागे होती ते त्या करंड्यात होतं.

"तुम्ही तिकडच्याच ना? भाषा येत असेल तुम्हाला," सबनीस म्हणाले. "जा, शोधून काढा."

तिने करंडा हातात घेऊन उलटा केला. तळाला ठोकून काढलेलं कमळ होतं, एक पाकळी तुटलेली. ही पाकळी तिनेच सहावीत असताना करंडा आपटून तोडली होती.

"हो," ती म्हणाली. "भाषा येते मला."

*

हुपरी म्हणजे चांदीचं गाव. घरटी कुणी चांदी वितळवून आटणी करतो, कुणी तार ओढतो, कुणी पैंजणाला घुंगरू जोडतो. त्रिशलाची आई राजमती उजळा द्यायची: तयार झालेले काळपट पैंजण रिठ्याच्या पाण्यात उकळून, पितळी ब्रशने घासून लखलखीत करायचे. तीस वर्षं तीच शेड, तीच चूल, तीच कढई. गाव तिला आक्का म्हणे.

त्रिशला घरी पोचली तेव्हा वडील बाहेरच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते आणि उजवा पाय स्टुलावर होता. बापूसो मगदूम. मधुमेह वीस वर्षांचा, त्याआधी हुपरीच्या फुटबॉल संघाचे कप्तान. फोनवर ते गेले पाच महिने 'पाय झकास' म्हणत होते. स्टुलावरच्या पायाच्या तळव्याला बशीएवढी गुलाबी नवी कातडी आली होती. बशीएवढ्या नव्या कातडीआधी तिथे बशीएवढं काय होतं, हे कळायला रसायनशास्त्र लागत नाही.

"आप्पा, हे काय?"

"पाय," बापूसो म्हणाले.

खुर्चीमागच्या खुंटीला दवाखान्याची पिशवी होती. तिच्यात शस्त्रक्रियेचा कागद होता: उजवा पाय, घोट्याच्या वर, तारीख बारा ऑक्टोबर. आता जानेवारी चालू होता.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगून? तू रडली असतीस. रडून काय पाय येतोय व्हय?" त्यांनी पायाकडे प्रेमाने बघितलं. "आणि उजवा हाय गं. डावा मागितला असता तर इचार केला असता. उजव्यानं मी शाहू मैदानावर कॉर्नरवरनं डायरेक्ट गोल घातलाय."

"जखममित्रकडे नाही गेलात?"

"गेलतो की. लई गोड बोलती ती बाई. म्हणाली, आपली जखम अकराशे चाळीसाव्या क्रमांकावर हाय, तवर जखम हाय तशी ठेवा." बापूसोंनी खांदे उडवले. "जखमेला सांगितलं मी. ती काय ऐकंना."

आतून राजमती आली. पदराला हात पुसत होती आणि दहाही बोटं मुळापर्यंत काळी होती. चांदीचं पाणी, म्हणजे तेजाबात विरघळलेली चांदी, कातडीवर सांडून ऊन लागलं की असा डाग पडतो, तो कातडी बदलेपर्यंत जात नाही. त्रिशलाला आठवलं, बसस्टँडपासून घरापर्यंत भेटलेल्या निम्म्या बायकांची बोटं अशीच होती.

"तपासणीला आलीस व्हय?" राजमती म्हणाली. "आधी च्या पी. मग तपास."

*

गुन्ह्याची जागा म्हणजे उजळ्याची शेड. आरोपीने स्वतःच सगळं दाखवलं, तेही जरा फुशारकीने.

"तुझ्या आप्पाच्या पायाला मी दगडी पाला लावत व्हतो," राजमती म्हणाली. हुपरीकडे बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, मी आलो, मी गेलो. त्रिशलाने पुण्यात नोकरीच्या मुलाखतीआधी ते महिन्याभरात सोडलं होतं. "पोरांचा गुडघा फुटला की चुरगळून लावतोय न्हवं, त्योच. काढा करून कढईत ठेवला व्हता. शेजारच्या सुकुमारनं अंधारात बघितलं न्हाई, गाळून उरलेलं चांदीचं पाणी त्याच कढईत वतलं. मला वाटलं गेला काढा. सकाळी उन्हात बघतो तर रंग कसा? चिंचेच्या सारासारखा."

"मग फेकलं का नाहीस?"

राजमतीने लेकीकडे अशा नजरेने बघितलं की पुण्याचं शिक्षण हे इतकंच का, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. चांदी लागलेलं पाणी हुपरीत कुणी फेकत नाही. शेडमधला केर जपून ठेवतात, हात धुतलेलं पाणी साठवतात, दहा वर्षांनी जुनं बसायचं पोतं जाळून त्याची राख गाळतात. या गावात फेकणे हे क्रियापद फक्त फुटबॉलच्या थ्रोसाठी वापरतात.

"चांदी लागलेलं, त्यात पाला पडलेला," राजमती म्हणाली. "वाया कशाला घालवायचं? फडकं बुडवून बांधलं पायाला. आठ दिवसांत वास गेला. मग सरलाच्या भाजलेल्या हाताला दिलं. मग काय, लोकं करंडं घिऊन याय लागली."

"आई, त्यात तेजाब असतं. तांबं असतं. कुणाला काय झालं असतं म्हणजे?"

"दोनदा गाळलेली चांदी घेतो मी. तांबं उतरवून. वर खायचा सोडा घालून आंबट मारतो. तीस वर्षं तेजाबाबरोबर संसार केलाय, तुझ्या आप्पापेक्षा ते बरं कळतंय मला."

सोप्यातून बापूसो म्हणाले, "ऐकू येतंय."

त्रिशलाने कंपनीचं हातातलं यंत्र काढलं. द्रवातून प्रकाश सोडून कणांचा आकार सांगणारं ते यंत्र पाकिटाएवढं होतं. बारा नॅनोमीटर. तिने तपासलं: आम्ल नाही, तांबं नाही. मग आपल्या पिशवीतली काचेची भांडी काढली, तोच पाला, तीच चांदी, तेच ऊन, आईच्या मापाने सगळं केलं. दुपारी भांड्याच्या तळाशी काळा गाळ बसला होता.

पुन्हा केलं. पुन्हा गाळ. राजमतीच्या कढईत मात्र चिंचेचं सार.

"हाताला गुण लागतोय," राजमती समजुतीच्या सुरात म्हणाली. "तू नोकरीच कर."

*

चुकीची गंमत अशी की ती बहुतेक वेळा स्वच्छतेच्या हेतूने होते. दुसऱ्या दिवशी सकाळी राजमती देवळात गेली असताना त्रिशलाने कढई घासली. तिचा हेतू निर्मळ होता. आईला पकडून द्यायचं की नाही हे तिचं ठरलं नव्हतं, पण लोकांच्या जखमांवर जाणारं औषध निदान स्वच्छ भांड्यात व्हावं, एवढं तिच्या शिक्षणाला पटत होतं. कढईवर बोटभर पिवळट चिकट थर होता. तो तासभर खरवडून तिने काढला. कढई चकाकू लागली.

त्या दिवशीचा काढा गाळ होऊन तळाशी बसला.

राजमती कढईपाशी उकिडवी बसली आणि तिने आतून एकदा बोट फिरवलं.

"तीस वर्षं," ती म्हणाली. "तीस वर्षं मी ती कढई घासलो न्हाई. तुझ्या आजीनं घासली न्हाई. तू दोन दिस आलीस आणि घासलीस."

"मला वाटलं..."

"पुण्यात काय वाटायचं ते वाटू दे."

करंड्यात तीन दिवसांचं मलम उरलं होतं. चौथ्या दिवशी बापूसोंच्या नव्या कातडीच्या कडेला लाल रेघ उठली. मधुमेही पायाचं असंच असतं, बांधलेला बांध एका बाजूने खचतो. शस्त्रक्रियेच्या कागदावर फक्त तारीख बदलायची होती.

"खेळ संपला तर संपला," बापूसो म्हणाले. "तीन महिने जादा मिळाले." पण बोलताना ते पायाकडे बघत नव्हते.

त्रिशला शेडमध्ये जाऊन घासलेल्या कढईसमोर बसली. पाला तोच, चांदी तीच. कढईतून तिने फक्त एक गोष्ट काढली होती, आणि ती नाल्यात होती. बोटभर पिवळा थर. तीस वर्षं या कढईत काय उकळलं?

रिठा.

ती इतकी साधी गोष्ट होती की तिला राग आला. रिठ्याच्या फेसात सॅपोनिन असतं. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं पाण्यापासून पळतं. असले रेणू कुठे एकटे राहत नाहीत, कशाला तरी बिलगतात. नुकत्याच जन्मलेल्या चांदीच्या कणाभोवती ते लग्नातल्या करवल्यांसारखं कोंडाळं करतात आणि दुसऱ्या कणाला जवळ फिरकू देत नाहीत. कण वाढत नाही, गोळा होत नाही, बसत नाही. रौप्यायूने या कामासाठी जगभरची नऊ कृत्रिम द्रव्यं तपासली होती. अंगणातल्या झाडाखाली पडणारं फळ कुणाला सुचलं नव्हतं, कारण त्या इमारतीत कुणी पैंजण धुतले नव्हते.

तिने रिठे भिजवले, गाळले आणि ते पाणी वेगवेगळ्या मापाने काढ्याच्या सात वाट्यांत घालून वर चांदीचं पाणी सोडलं. सहाव्या वाटीत चाळीस मिनिटांत सार झालं. यंत्राने सांगितलं: अकरा नॅनोमीटर. आईपेक्षा एकाने कमी.

राजमतीने वाटी वर धरून बघितली. "बरं झालंय," ती म्हणाली. मगदूमांच्या घरात याहून मोठं कौतुक आजवर कुणाचं झालं नव्हतं. संध्याकाळी ते बापूसोंच्या पायाला बांधलं.

एकच गोष्ट त्रिशला विसरली. कंपनीचं यंत्र आपण मोजलेला प्रत्येक आकडा पुण्याला कळवत असे.

*

फोन सकाळी साडेआठला आला.

"अकरा!" सबनीस म्हणाले. "अभिनंदन. मी निघालोय. संध्याकाळी सहापर्यंत पेटंटचा अर्ज दाखल करायचाय, कृती लिहून ठेवा. तुमच्या करारातलं कलम चौदा आठवतंय ना?"

कलम चौदा त्रिशलाला आठवत होतं. कर्मचाऱ्याने नोकरीत असताना, कामावर, सुट्टीत, आजारपणात वा झोपेत लावलेला कोणताही शोध कंपनीचा. 'झोपेत' हा शब्द कायदा विभागाने खास बैठक घेऊन घातला होता.

"आणि आईचं काय?" तिने विचारलं.

"आईंना आपण मलमाच्या ट्यूबवर घेऊ," सबनीस म्हणाले. "फोटो. नऊवारीत. फक्त ते बनवणं बंद करावं लागेल. औषध निरीक्षकांना बरोबर आणतोय, ते शेडला सील लावतील. घाबरू नका, प्रेमाने लावतील."

तिने सगळं आईबापांना सांगितलं. त्या दिवशी घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि राजमती तीळ भाजत होती. तिने ऐकताना उलथणं थांबवलं नाही.

"म्हंजे कढई त्यांची?"

"कढई आपली. कढईत काय होतं, ते त्यांचं. उद्यापासून गावात कुणी केलं तर चोरी."

"आणि तुझ्या आप्पाचा पाय?"

"जखममित्रकडे. अकराशे चाळीस."

"आता पुढं सरकला असंल नंबर," बापूसो म्हणाले. "अकराशे बत्तीस तरी."

राजमतीने तीळ उतरवले. "ह्यावर कायदा काय हाय का काय?"

"एकच. जी गोष्ट आधीच सगळ्यांना उघड माहीत आहे तिचं पेटंट मिळत नाही. सहाच्या आत ती जगजाहीर झाली तर अर्जाला अर्थ उरत नाही. पण मी तोंड उघडलं तर नोकरी गेली, वर खटला."

"तू उघडू नको," राजमती म्हणाली. "औंदा वाणाला मी प्लास्टिकचं डबं आणलेत. ऱ्हाऊ देत." तिने शेडच्या कोपऱ्यातल्या रिठ्याच्या पोत्याकडे बघितलं. "वाण लुटायचं असतंय. लुटलेलं परत मागायचा रिवाज न्हाई."

*

चार वाजता अंगणात दीडशे बायका होत्या. मांडवाखाली माईक होता, कारण हुपरीत माईकशिवाय बारसंसुद्धा लागत नाही. राजमतीने गावच्या चालीबाहेर जाऊन विधवांनाही बोलावलं होतं. सरलाकाकू पहिल्या रांगेत होती, भाजलेल्या हाताने अत्तर लावून घेत. प्रत्येकीच्या ओटीत एक पुडी पडत होती: मूठभर रिठे आणि दगडी पाल्याचं मुळासकट उपटलेलं एक रोप. कुणी का म्हणून विचारलं नाही. वाण म्हणून गेल्या वर्षी कुणीतरी मोबाईलची कव्हरं लुटली होती, त्यामानाने हे बरं होतं.

सबनीसांची गाडी आली. त्यांच्याबरोबर औषध निरीक्षक जमदाडे होते, सीलचं सामान घेतलेले. दोघांना खुर्च्या दिल्या गेल्या आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांच्या हातात तिळगूळ पडला.

"गोड बोला," सरलाकाकू म्हणाली. ते सांगणं होतं की ताकीद, हे सबनीसांना ठरवता आलं नाही.

"नाव घे की गं आक्का," बायका म्हणाल्या. राजमतीने माईक धरला. साठीला आलेल्या बाईने लाजायचं तेवढं लाजून घेतलं आणि म्हणाली:

"दगडी पाल्याचा काढा, त्यात रिठ्याचा फेस,
बापूसोंचं नाव घेतो, घाला खुशाल केस."

बायका इतक्या हसल्या की मांडवाची झालर हलली. अकरा जणींनी ते चित्रित करून तिथल्या तिथे गावच्या ग्रुपवर टाकलं. 'रिठा' हा शब्द ऐकून सबनीसांचा तिळगूळ अर्ध्यात थांबला. चार वर्षांच्या संशोधनाचं उत्तर त्यांना उखाण्यात मिळालं होतं. पण ते हुशार होते, पंचवीस वर्षं याच धंद्यात होते. त्यांनी घास गिळला आणि त्रिशलाकडे वळून शांतपणे म्हणाले, "छान. पण प्रमाण नाही सांगितलं. प्रमाणाशिवाय कृती उघड झाली असं कायदा मानत नाही. काढा किती, रिठा किती, ते फक्त तुम्हाला माहीत आहे. चला, गाडीत लिहून द्या. दीड तास आहे."

ते खरं होतं. राजमतीला माप माहीत नव्हतं. तिचं माप कढईच्या थरात होतं, आणि तो थर लेकीने नाल्यात सोडला होता. कृती होती, पण ज्या वाटीत ती जमली त्या सहाव्या वाटीचा आकडा एकट्या त्रिशलाकडे होता.

तिने सोप्याकडे बघितलं. बापूसो दारात उभे होते, चौकटीला धरून, दोन्ही पायांवर. त्यांनी काही खूण केली नाही. चांगला कप्तान पेनल्टी मारणाऱ्याला खुणा करत नाही.

त्रिशला उठली आणि आईच्या हातातून माईक घेतला.

"मॅडम," सबनीस म्हणाले, "कलम चौदा."

"पाठ आहे. कलम पंधरापण पाठ आहे. त्यात नुकसानभरपाई आहे," त्रिशला म्हणाली, आणि बायकांकडे वळली. "पेन हाय का कुणाकडं? सांगतो. लिहून घ्या."

"आधी नाव घे," मागून कुणीतरी म्हणालं.

"नाव घ्यायला नवरा न्हाई. माप हाय, ते घेतो. दगडी पाला दहा भाग, पाणी शंभर भाग, निम्मं होईस्तोवर उकळायचं. गाळून घ्यायचं. थंड झालं की रिठ्याचं पाणी, काढ्याच्या विसावा भाग. विसावा, दहावा न्हाई, सरलाकाकू, तू सगळ्यात जास्त घालतीस. मग दोनदा गाळलेल्या चांदीचं पाणी, थेंब थेंब. उन्हात चाळीस मिनिटं. सोडा घालून आंबट मारायचं, लिटमसचा कागद लाल झाला तर लावायचं न्हाई. कुणी शंकेचं भांडं घिऊन आलं तर मी तपासून देतो. कढई..." तिने आईकडे बघितलं. "कढई कशीबी असू दे. घासली तरी चालंल."

पेनं कमी पडली तेव्हा बायकांनी आयलायनरने तळहातावर लिहून घेतलं. काळ्या बोटांवर अक्षरं दिसत नव्हती.

सबनीस उठले. "जमदाडे, सील."

जमदाडे उठले, शेडकडे चार पावलं गेले आणि परत आले. त्यांनी बॅग खाली ठेवली आणि हळूच राजमतीला विचारलं, "आक्का, ते जुनं करंड्यातलं संपलंय माझं. मानेवरचं करट अजून जरा..." मग साहेबांच्या नजरेला नजर देत म्हणाले, "सील कुठल्या शेडला लावू, साहेब? दीडशे आहेत."

निघताना राजमतीने सबनीसांच्या हातात एक पुडी ठेवली. "रिकाम्या हातानं जाऊ नगासा," ती म्हणाली. "वाण हाय."

*

पेटंटचा अर्ज फेटाळला गेला. निकालाच्या कागदावर 'माहितीचा आधीचा स्रोत' या रकान्यात टंकलेखकाने लिहिलं होतं: उखाणा, एक, घोषणा, एक, तळहात, अंदाजे चाळीस. त्रिशलाची नोकरी त्याच आठवड्यात गेली. खटला मात्र राहिला. तारखेच्या दिवशी हुपरीतून दोन टेम्पो भरून काळ्या बोटांच्या बायका साक्षीला जातात, आणि न्यायाधीश प्रत्येक वेळी पुढची तारीख देतात. बाकीचे दिवस ती आईच्या शेडमध्ये एक जुनं यंत्र घेऊन बसते आणि रांगेतल्या प्रत्येकीची वाटी मोजते. हे यंत्र कुणाला काही कळवत नाही. ज्या वाटीचा गाळ झाला ती परत करते. फेकायची नसतेच.

मार्चमध्ये दवाखान्यातून बापूसोंना निरोप आला. रांगेतल्या पुढच्यांच्या जखमा घरीच बऱ्या झाल्याने त्यांचा नंबर लागला होता.

"जायलाच पाहिजे का?" त्रिशला म्हणाली.

"पाच महिनं वाट बघितली त्या बाईनं माझी," बापूसो म्हणाले. "बरं दिसत न्हाई."

ते चालत गेले. जखममित्रसमोर उभे राहून त्यांनी चप्पल काढली आणि उजवा पाय, कॉर्नरवरून गोल घातलेला, कॅमेऱ्यासमोर धरला. हिरवा दिवा तळव्यावरून एकदा फिरला, पुन्हा फिरला, तिसऱ्यांदा फिरला.

"जखम आढळली नाही," यंत्र गोड आवाजात म्हणालं. "कृपया जखम घेऊन पुन्हा या."

"आता न्हाई मिळायची," बापूसो म्हणाले, आणि चप्पल घातली.